मालनने डोळा चोळला नव्हता

"अहो, ही सुई एकच आहे ना?" मालनने विचारलं.

सकाळची वेळ होती. ती खिडकीखाली बैठकीवर बसली होती. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवलेलं, समोर पांढऱ्या फडक्यावर कुणाच्या तरी मोहनमाळेचे मणी पसरलेले. मी दारात पेपर वाचत होतो. उठून जवळ गेलो. तिच्या चिमटीत एकच सुई होती.

"एकच आहे," मी म्हणालो.

"मग मला दोन दिसतायत. एक जागेवर आहे, आणि दुसरी जरा खाली उतरलीय."

तिने आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याने सगळं धुरकट, पण एक वस्तू एकच दिसत होती. उजव्याने दोन दिसत होत्या. शिवाय कडेला एक वाकडी रेघ येते म्हणाली, फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखी. मान हलवली की रेघही हलत होती.

तिने सुई उशीत खोचली. फडक्यावरचे मणी डबीत भरले, झाकण घट्ट लावलं आणि मग म्हणाली, "आज काम नको. दुसऱ्याचं सोनं आहे."

आम्ही विट्याचे पटवेगार. सोनार दागिना घडवतो, पण मणी ओवायचे, रेशमाचा गोफ वळायचा, गोंडा बांधायचा, हे काम आमच्या घरात येतं. मी ते केलं नाही. मला एसटीच्या आगारात नोकरी लागली आणि रिटायर होईपर्यंत इंजिनं खोलण्यात माझी सगळी वर्षं गेली. घरचा धंदा मालनने चालवला. ती कराडच्या पटवेगारांची मुलगी. तिच्या वडिलांचा हात त्या भागात नावाजलेला होता. तोच हात तिच्यात उतरला होता.

या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की दागिना गिऱ्हाइकासमोर ठेवायचा. मांडीवरचं फडकं झटकायचं. मग दोन्ही तळवे उघडून पुढे करायचे. तुमचं काही माझ्याकडे राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक म्हणतं, "पोचलं." त्यानंतर हात मागे घ्यायचे. नव्या पोरी दागिना घ्यायला येतात, त्यांना हे माहीत नसतं. त्या नुसत्या बघत राहतात. मालन तशीच हात पुढे करून बसायची, आणि पोरींना सांगायची, "पोचलं म्हण बाई, माझे हात अवघडले."

तिला लहानपणापासून इसब होतं. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मानेवर, पापण्यांवर. थंडीत कातडी तडकायची, उन्हाळ्यात चिघळायची. मलमं कायम चालू असायची. पन्नाशी गाठायच्या आत तिला मोतीबिंदू झाला. इसबाच्या माणसांना तो लवकर होतो, असं गावातल्या देशमाने डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनीच केलं, आत भिंग बसवलं, आणि ते छान झालं. त्यानंतर दीड-दोन वर्षं ती बारीक काळी पोत संध्याकाळच्या उजेडातसुद्धा ओवायची. आता डावा डोळाही झाकोळत आला होता. दिवाळीनंतर त्याचंही करून टाकू असं आमचं ठरलं होतं.

ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. डोळा चोळायचा नाही. आम्ही ती मनावर घेतली होती. झोपेत हात जाऊ नये म्हणून मी जुन्या धोतराच्या पिशव्या करून तिच्या हातांना बांधायचो. दिवसा माझी थोरली बहीण तारा आक्का लक्ष ठेवायची. नवरा गेल्यापासून आक्का आमच्याकडेच होती. तिचं लक्ष म्हणजे फौजदाराचं लक्ष.

सुई दोन दिसली त्याच दिवशी आम्ही देशमाने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मालनला मशीनसमोर बसवलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"भिंग जागेवरून सरकलंय," ते म्हणाले. "पडलात का कुठं? काही लागलं?"

"नाही," मालन म्हणाली.

"मग डोळा चोळलाय तुम्ही."

"नाही."

डॉक्टर माणूस चांगला होता. आवाज चढवला नाही. इसबाचे पेशंट त्यांना नवीन नव्हते, खाज सुटली की माणसाचा हात राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांनी तिला समजावलं. मालनने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मी चोळला नाही.

मला त्यांनी बाहेर बोलावलं. भिंग आणखी सरकलं तर डोळ्याच्या आत मागे पडेल, इथे ते काम होणार नाही, मिरजेला मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाले. मी डाव्या डोळ्याचं विचारलं. त्यांनी मान हलवली.

"काका, खरं सांगतो. ज्या पेशंटला हात आवरत नाही, आणि वर कबूलही करवत नाही, तिच्या दुसऱ्या डोळ्याला मी हात लावणार नाही. मोतीबिंदू आहे तो आहे. निदान उजेड तरी दिसतो. उद्या तिथंही हेच झालं तर काय करायचं?"

मिरजेचे डॉक्टरही हेच म्हणतील का, असं मी विचारलं.

"मी असतो तर म्हणालो असतो."

दार लोटलेलं होतं, पण पुरतं लागलेलं नव्हतं. मालनने ते ऐकलं होतं. येताना रस्त्यात ती एक हात माझ्या खांद्यावर ठेवून चालत होती, कारण पायरी कुठली खरी आणि कुठली खोटी ते तिला कळत नव्हतं.

घरी आक्का वाट बघत होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. आक्काने लसूण सोलता सोलता ऐकलं.

"मी सांगतच होते," ती म्हणाली. "हात गप्प ठेवायला नको हिला."

"वन्सं, मी डोळा चोळला नाही," मालन म्हणाली.

"माझ्यापुढं नको सांगूस. मी काय आंधळी आहे? तुझा हात डोळ्याकडं जाताना मी या डोळ्यांनी बघितलाय. एकदा नाही, धा वेळा."

"गेला असंल. पण मी चोळला नाही."

"मग काय डोळ्याला नमस्कार करायला गेला होता?"

एरवी मालन हसली असती. आक्काच्या अशा बोलण्याला ती नेहमी हसायची, आणि मग आक्काही हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. जागची उठली, आक्काच्या पुढ्यात येऊन बसली आणि दोन्ही तळवे उघडून तिच्यासमोर धरले.

आक्का पटवेगारांच्या घरात जन्मली होती. तळवे पुढे आले की काय म्हणायचं ते तिला सांगायला नको होतं. तिने लसणाचं ताट उचललं आणि आत निघून गेली.

मालन बराच वेळ तशीच बसून होती. मग मला म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

"वाटतं," मी म्हणालो.

ते मी तिचं मन राखायला म्हणालो नव्हतो. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं नख तिच्या कातडीला लागलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या आगारात एक हेल्पर होता, त्याला इसब होतं. तो पान्याच्या टोकाने पाय खाजवायचा, रक्त येईपर्यंत. मालनच्या अंगावर मी कधी ओरखडा बघितला नाही. पण मग भिंग सरकलं कशाने? आक्का खोटं बोलत नाही हेही मला माहीत होतं.

त्या दिवशी मालन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मोहनमाळेची डबी मला दिली आणि सोनाराला परत करून यायला सांगितलं. सोनार म्हणाला, घाई नाही, बाईंना बरं वाटल्यावर होऊ दे. मी तसं येऊन सांगितलं. ती म्हणाली, "कधी बरं वाटणार ते मला माहीत नाही. त्यांचा माल त्यांच्याकडे गेलेला बरा." तिने बैठक गुंडाळून भिंतीला उभी केली. ती बैठक उभी केलेली मी आमच्या मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

मिरजेला आम्ही एसटीने गेलो. गाडीचा गिअर बॉक्स कुरकुरत होता, मी त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. मालनने ते ओळखलं.

"उतरून खोलू नका," ती म्हणाली. "मला पोचू दे आधी."

दोन दिवसांत तिने केलेली ती पहिली चेष्टा. पुढे तासगाव आलं. ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "उजवा डोळा गेला तर गेला. तुम्ही आहात, आक्का आहेत, मी चाचपडत राहीन. पण ही मिरजेची डॉक्टरीणबाईही मला खोटी म्हणाली आणि डाव्यालाही नाही म्हणाली, तर मी काय करू? मी जे केलं नाही ते केलं म्हणून सांगू का? तसं म्हटलं तर करतील का डावा?"

"तसं म्हटलं तर मुळीच करणार नाहीत."

"आणि नाही म्हटलं तर खोटी ठरते."



मिरजेच्या डॉक्टर म्हणजे मुजावर मॅडम. चाळिशीच्या आतबाहेर असतील. चेहरा थकलेला, पण बोलणं मऊ. देशमाने डॉक्टरांनी फोन करून त्यांना सगळं सांगितलेलं होतं, ते त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

"मावशी, डोळ्यांना खाज सुटते तेव्हा तुम्ही काय करता?"

"काही नाही," मालन म्हणाली.

"काहीच नाही? खाज सहन करता?"

"लहानपणापासून सवय आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही सांगा. घरात तुम्हीच असता ना?"

मी सांगितलं की हिने डोळा चोळलेला मी कधीही बघितलेला नाही. हाताला पिशव्या बांधायचो तेही सांगितलं. मॅडम ऐकत होत्या, पण मालनची बाजू नवरा घेणारच, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या म्हणाल्या, भिंग दुरुस्त करता येईल. जुनं काढून नवं बसवावं लागेल. पण कारण कळल्याशिवाय मी डाव्या डोळ्याचा विचार करणार नाही, आणि उजव्याचंही काम टिकेल याची खात्री देणार नाही. तुम्ही घरी विचार करा, आठवा, मनावर दडपण घेऊ नका.

मालनने मान खाली घातली.

पडदा तपासायचा म्हणून सिस्टरने तिच्या दोन्ही डोळ्यांत औषध घातलं. ते झोंबणारं होतं. डोळे मिटून बसा म्हणाली. मॅडम कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धुवायला गेल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. पाण्याचा आवाज येत होता. मी मालनच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो आणि आता घरी जाऊन आक्काला काय सांगायचं याचा विचार करत होतो.

मॅडमनी नळ बंद केला. हात पुसता पुसता त्या थांबल्या.

"हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. मला कसलाच आवाज ऐकू आला नाही. मॅडम वळल्या आणि मालनकडे बघू लागल्या. त्या बघतात म्हणून मीही बघितलं. मालन डोळे मिटून, मान मागे टेकून बसली होती. उजव्या हाताची बोटं जुळलेली, तळवा उघडा, आणि त्या तळव्याने ती मिटल्या डोळ्यांवर थापटत होती. थप थप थप, मग जरा थांबून पुन्हा थप थप थप. जोरात नाही, हळूही नाही. भाकरी थापताना शेवटचा हात फिरवतात तसं.

तो आवाज मी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. मान, कोपर, पाय, डोळे, जिथं खाज असेल तिथं. आमच्या घरात घड्याळ टिकटिकत होतं तसा तो आवाज होता. पिशव्या बांधलेल्या हातांनीही ती थापटायची, तेव्हा तो मऊ यायचा. मला तो ऐकू येणं कधीच बंद झालं होतं.

"मावशी," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "हे काय करताय?"

मालनचा हात थांबला. "काही नाही. औषध चुरचुरतंय."

"खाज सुटली की असंच करता?"

"हो."

"दिवसातनं किती वेळा?"

"ते कोण मोजतंय? खाज येईल तेव्हा." मग तिला वाटलं आपलं काही चुकलं. "बाई, हे चोळणं नव्हे. बघा, हात उघडा आहे. नख लागत नाही, बोट फिरत नाही."

मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "चोळणं नव्हेच हे," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यासाठी चोळण्याइतकंच वाईट आहे. कदाचित जास्त."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यात भिंगाची एक पिशवी असते. ती चहूबाजूंनी अगदी बारीक तंतूंवर टांगलेली असते. इसबाच्या लोकांचे ते तंतू मुळातच नाजूक असू शकतात. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवतात ते त्याच पिशवीत. पापणीवर रोज थापा बसल्या की प्रत्येक थापेला आतलं सगळं हादरतं, आणि तंतू एकेक करून तुटत जातात. माणसाला काही कळत नाही. पुरेसे तुटले की एक दिवस भिंग एका बाजूला लोंबतं.

मालन डोळे मिटूनच ऐकत होती.

"पोत तुटते तशी," ती म्हणाली. "बाया म्हणतात, ओढली नाही, झटका दिला नाही, अशी कशी तुटली. ती त्या दिवशी तुटलेली नसतेच."

"अगदी तसंच."

"म्हणजे हे माझ्याच हातनं झालं."

"हो मावशी. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे चोळू नका म्हणतो. थापटू नका असं कुणी म्हणत नाही. मीही म्हटलं नसतं."

मालनने डोळे उघडले. औषधाने बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. मॅडमच्या आवाजाच्या दिशेने बघून तिने विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलले नाही?"

मॅडमना तो प्रश्न अपेक्षित नव्हता. "नाही," त्या म्हणाल्या. "एक शब्दही खोटा नव्हता."

मालन रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं. डोळ्यांना मात्र पदर लावला नाही.

थापटायचं कुणी शिकवलं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती परकर-पोलक्यातली असताना वडिलांबरोबर कराडातल्या एका सराफाच्या दुकानात जायची. वडील पेढीवरच बसून मणी ओवायचे, ती शेजारी बसून रेशीम धरायची. एकदा मानेला खाज सुटली म्हणून तिने हात मागे घालून पोलक्याच्या आत खाजवलं. काम संपल्यावर माल वजनाला टाकला तर एक मणी कमी भरला. सराफ वडिलांना काही बोलला नाही. त्याने फक्त तिच्याकडे बघितलं. मग घरातल्या बायका तिला आत घेऊन गेल्या, आणि तिचे कपडे काढून झडती घेतली. मणी सापडला तो बैठकीच्या दुमडीत. वाटेत येताना वडिलांनी तिला मारलं नाही, रागावलेही नाहीत. चालता चालता एवढंच म्हणाले, यापुढे आपला हात कपड्याच्या आत जाणार नाही. खाज सोसवली नाही तर असं करायचं. आणि त्यांनी स्वतःच्या मानेवर उघड्या तळव्याने थापटून दाखवलं. सगळ्यांना तळवा दिसला पाहिजे, म्हणाले.

"त्यानंतर मी कधी खाजवलं नाही," मालन म्हणाली. "झोपेतसुद्धा नाही."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, दोन्ही डोळे करू आपण. आधी हा, मग तो. पण हे थापटणं सुटलं पाहिजे. मी तुम्हाला आधी कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवते, खाज कमी झाल्याशिवाय हात राहणार नाही. बाकीचं तुम्ही दोघं बघा."

नवं भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून टाके घालून बांधणार होत्या. मालनने विचारलं, दोरा कसला असतो. केसाहून बारीक असतो, मॅडम म्हणाल्या. आणि गाठ? गाठ आत दडवतो, टोचू नये म्हणून. मालनने मान डोलावली. येताना गाडीत ती मला म्हणाली, "हात चांगला असणार बाईचा. गाठ दडवते म्हणाली."

घरी पोचलो तेव्हा आक्का दारातच होती. मालन चप्पल काढून सरळ तिच्यासमोर गेली.

"वन्सं, तुम्ही बघितलं ते खरं होतं," ती म्हणाली. "आणि मी बोलले तेही खरं होतं."

मग तिने तळव्याने हवेत थापटून दाखवलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. सराफाची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती मी नंतर सांगितली, आक्का एकटी असताना. आक्काने ऐकून घेतलं. संध्याकाळी तिने भिंतीला उभी केलेली बैठक स्वतः खाली घातली, मालनला हाताला धरून तिथे बसवलं आणि समोर बसली.

"कर हात पुढं," ती म्हणाली.

"कशाला वन्सं?"

"परवाचं राहिलंय."

मालनने तळवे उघडले. आक्का म्हणाली, "पोचलं." आणि मग लगेच, "आता पुन्हा डोळ्यावर हात दिसला तर मनगट मोडीन."

दोन्ही डोळे झाले. दिवाळीनंतर नाही, पुढच्या गुढीपाडव्याच्या सुमाराला. मलमं बदलली, खाज निम्म्यावर आली. पण हात ऐकत नव्हता. इतक्या वर्षांची सवय, तिला स्वतःला कळायचंही नाही. हाताला काही तरी दिलं पाहिजे म्हणून आक्काने सुपारीची पुरचुंडी देऊन बघितली, जपमाळ देऊन बघितली. मालन ती बाजूला ठेवून थापटायची. शेवटी असं ठरलं की तिचा हात उठला की मी तो धरायचा. मी घरीच असायचो. पेपर वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत, लग्नाच्या मांडवात, तिचा हात उठायचा आणि मी तो धरायचो. खाज ओसरेपर्यंत धरून ठेवायचो. मग सोडायचो. मला तो आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला होता, एक थाप पडायच्या आत मी पोचायचो.

लोक हसायचे. सोनार म्हणाला, म्हातारपणी प्रेमाला भरती आली. मालन त्याला म्हणाली, "तरुणपणी एकदा धरला नाही हो. आता डॉक्टरनं लिहून दिलं म्हणून धरतायत."

पुढे तर कधी कधी खाज नसतानाही ती हात पुढे करायची. मला ते कळायचं. मी धरायचो.

भिंगं शेवटपर्यंत जागेवर राहिली. मालन गेली ती मूत्रपिंडाच्या दुखण्याने, मागच्या वर्षी, सांगलीच्या दवाखान्यात. नजर तिची शेवटच्या दिवसापर्यंत पक्की होती. त्या दुपारी सिस्टर सलाईन बदलायला वाकली तेव्हा मालनने तिच्या गळ्याकडे बघून मला सांगितलं, "तिच्या मंगळसूत्राची गाठ उलटी बसवलीय. सांगा तिला, तुटेल."

मी सांगितलं. सिस्टर हसली आणि गेली.

मालनचा हात सकाळपासून माझ्या हातात होता. थोड्या वेळाने तिने तो ओढून घेतला. मला वाटलं खाज सुटली. मी पुन्हा धरला. तिने मान हलवली, नको म्हणाली, आणि हात सोडवून घेतला. मी बघत राहिलो. डोळ्याकडे गेला असता तर मी धरणार होतो.

तिने मांडीवरची चादर झटकली. हातात जोर नव्हता, नुसतीच बोटं फिरली. वळ्या सरळ केल्या. मग दोन्ही तळवे उघडून चादरीवर माझ्यासमोर ठेवले आणि माझ्याकडे बघू लागली.

बाहेर व्हरांड्यात आक्का कुणाशी तरी बोलत होती. मालनचे तळवे तसेच होते. त्यांच्यावर सुईचे जुने काळे ठिपके होते, रेशमाने पडलेल्या रेघा होत्या. ती वाट बघत होती. तिचे हात अवघडले असणार.

"पोचलं," मी म्हणालो.

मग तिने हात मागे घेतले.